जर्मनीतून ऑस्ट्रियाला सुट्टीवर जाताना: भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी तयारीचा क्रम

जर्मनीच्या दक्षिणेत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली परदेशातली सुट्टी बहुतेक वेळा ऑस्ट्रियातच होते. म्युनिकहून साल्झबर्ग किंवा इन्सब्रुक ट्रेनने साधारण पावणेदोन तासांवर. ऑफिसातले जर्मन सहकारी सांगतात, "शनिवारी सकाळी निघा, काही लागत नाही." ते खरंच सांगतात, पण त्यांच्या खिशात जर्मन ओळखपत्र असतं, गाडीत हिवाळी टायर असतात, आणि डोंगरातली शेवटची केबल कार किती वाजता उतरते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. आपल्याला यातली एकेक गोष्ट मुद्दाम जमवावी लागते. खाली जो क्रम दिला आहे, तो कशाला किती वेळ लागतो यावरून ठरवला आहे. कागदपत्रांना महिने लागू शकतात, म्हणून ती सगळ्यात आधी. हॉटेल बघायला बसू नका, आधी पासपोर्टचा खण उघडा.

१. कागदपत्रं: प्रत्येक माणसाची, प्रत्येक मुलाची

ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. जर्मनीचा वैध निवास परवाना आणि वैध भारतीय पासपोर्ट असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत दुसऱ्या शेंगेन देशांत फिरता येतं. यातला "आणि" महत्त्वाचा आहे. नुसतं ब्लू कार्डचं (नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्याचं) प्लास्टिक पाकिटात ठेवून सीमा ओलांडणारे खूप जण आहेत. ते कार्ड निवासाचा पुरावा आहे, प्रवासाचा कागद पासपोर्टच. दोन्ही मूळ प्रती हव्यात, फोनमधला फोटो चालत नाही.

सीमेवर आता कोणी विचारत नाही, हा समजही जुना झाला. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना २०१५ पासून तपासणी आहे, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू केली. म्हणजे जाताना बहुधा कोणी थांबवणार नाही आणि येताना थांबवतील. ट्रेनमध्येही तेच: साल्झबर्गहून परतताना फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढतात.

आता अडचणीच्या जागा.

परवान्याची मुदत संपत आली असेल आणि परदेशी नागरिक कार्यालयाने नूतनीकरण होईपर्यंत फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग हा तात्पुरता कागद दिला असेल, तर त्यावर विसंबून निघू नका. त्या कागदाचे प्रकार आहेत आणि कोणत्या चौकटीत खूण आहे त्यावर परत येण्याचा हक्क ठरतो. आपल्या कार्यालयाला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या, ते छापून बरोबर ठेवा. उत्तर आलं नाही तर सुट्टी जर्मनीतच घ्या. जर्मनीतला आल्गॉयचा डोंगराळ भागही सुंदर आहे.

बाळाचा जन्म जर्मनीत झाला असेल तरी त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा निवास परवाना लागतो. भारतीय वकिलातीतून बाळाचा पासपोर्ट यायला वेळ लागतो, आणि परवाना त्यानंतरच मिळतो. बाळ झाल्यावरची पहिली सहल ठरवताना हा हिशोब आधी करा. जन्मदाखला दाखवून सीमा ओलांडता येत नाही.

आई किंवा बाबा एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं सही केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत ठेवा. कोणी मागेलच असं नाही, पण मागितलं तर ऐन वेळी मिळत नाही.

पुण्याहून, नागपूरहून आई-बाबा आले असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियातही चालतो. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी काळजी नको, शेंगेनच्या आतल्या आत फिरताना तो प्रवेश खर्च होत नाही. मात्र व्हिसावर कोणते देश लिहिले आहेत ते वाचा, आणि दिवस मोजा. त्यांचा प्रवास विमा सगळ्या शेंगेन देशांत लागू असतो, कारण किमान ३०,००० युरोंचा तसा विमा व्हिसासाठीच सक्तीचा आहे. विम्याची छापील प्रत त्यांच्या पर्समध्ये असू द्या, तुमच्या फोनमध्ये नको. तुम्ही डोंगरात आणि ते खाली गावात, असं होतंच.

निघण्याआधी टेबलावर मांडायची यादी:

- प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर जुना आणि नवा दोन्ही
- प्रत्येकाचं निवास परवान्याचं कार्ड, त्याबरोबर हिरवा जोडकागद दिला असेल तर तोही
- आरोग्य विम्याची कार्डं, जादा प्रवास विम्याचा कागद
- वाहन चालवण्याचा परवाना आणि गाडीचं नोंदणीपत्र
- गाडी कंपनीची किंवा दुसऱ्याच्या नावावर असेल तर वापराचं संमतिपत्र
- मुलांसाठी संमतिपत्र, लागत असेल तर
- सगळ्याच्या प्रती, मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत

परवान्याबद्दल एक गोष्ट. जर्मनीत राहायला लागल्यावर भारतीय वाहन परवाना सहा महिनेच चालतो. त्यानंतर तुमच्याकडे जर्मन परवाना नसेल तर ऑस्ट्रियातही तुम्ही गाडी चालवू नका. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहील, आणि तो दंडापेक्षा कितीतरी मोठा असतो.

२. महिना ठरवा, मग गाव

आपल्याकडे मे म्हणजे सुट्टीचा महिना. आई-बाबाही त्याच सुमारास येतात, आणि आपण हौसेने मेच्या पहिल्या आठवड्यात आल्प्समधलं बुकिंग करतो. हॉटेल स्वस्त मिळतं, आणि तिथे पोहोचल्यावर त्याचं कारण कळतं. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, कधी त्याहून पुढे, बहुतेक केबल कार देखभालीसाठी बंद असतात. नोव्हेंबरमध्येही तसंच. स्कीचा हंगाम संपलेला आणि चालण्याचा सुरू झालेला नसतो. वरच्या वाटांवर बर्फ असतो, डोंगरातल्या झोपड्या (चालणाऱ्यांच्या जेवण-मुक्कामाच्या जागा) बंद असतात, गावातली निम्मी उपाहारगृहंही सुट्टीवर जातात.

मेमध्येच जायचं असेल तर शहर आणि तळी निवडा: साल्झबर्ग, व्हिएन्ना, ग्राझ, साल्झकामरगुटची तळी. डोंगर बघायचे असतील तर जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. मला विचाराल तर सप्टेंबर सगळ्यात चांगला. हवा स्थिर, शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी, आणि केबल कार चालू.

ग्रोसग्लॉकनरचा उंच डोंगरी रस्ता बऱ्याच जणांच्या यादीत असतो. ४८ किलोमीटरचा हा रस्ता १९३५ साली खुला झाला. तो साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो, रात्री बंद असतो आणि त्याचा टोल वेगळा आहे. बर्फ जास्त पडला तर जूनमध्येही काही तास बंद राहू शकतो. निघायच्या दिवशी सकाळी रस्ता उघडा आहे का ते बघा.

गाव ठरवताना एकच मुक्काम धरा. चार दिवसांत साल्झबर्ग, हालश्टाट, झेल आम झे आणि इन्सब्रुक असा आराखडा कागदावर जमतो, पण लहान मुलं आणि साठी ओलांडलेले आई-बाबा बरोबर असताना रोजच्या सामान बांधण्यात सगळे थकतात. झेल आम झेला राहून तीन दिशांना फिरा. हालश्टाटला जायचंच असेल तर सकाळी लवकर पोहोचा, तिथलं पार्किंग दुपारच्या आधीच भरतं. ट्रेनने गेलात तर स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे आणि गावात बोटीने जावं लागतं. आई-बाबांना तो बोटीचा टप्पाच सगळ्यात जास्त आवडेल.

३. गाडी की ट्रेन

शहरं बघायची असतील तर ट्रेन. व्हिएन्नात गाडी नेऊच नका, जवळजवळ सगळ्या शहरात सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १० पार्किंगला पैसे आणि दोन तासांची मर्यादा आहे. गाडी असेलच तर शहराच्या कडेला पार्क अँड राइडमध्ये ठेवा आणि भुयारी रेल्वे घ्या.

जर्मनीभर चालणारं महिन्याचं दॉइचलांडटिकेट तुमच्याकडे असेल (जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो) तर ते साल्झबर्ग मुख्य स्थानक आणि सीमेवरच्या कुफश्टाइनपर्यंत चालतं, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत. त्याच फलाटावरून सुटणाऱ्या युरोसिटी आणि रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही, आणि गडबडीत नेमकी तीच गाडी समोर उभी असते. हे तिकीट वैयक्तिक आहे, सहा वर्षांवरच्या मुलांना वेगळं तिकीट लागतं. मुलांसह एका दिवसाची फेरी असेल तर बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, परवडतं. तेही या दोन्ही स्थानकांपर्यंत चालतं आणि स्वतःची १४ वर्षांपर्यंतची मुलं त्यावर फुकट येतात. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच.

व्हिएन्ना किंवा इन्सब्रुकची लांब पल्ल्याची तिकिटं जर्मन रेल्वेच्या आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या, दोन्ही ॲपवर बघा. त्याच गाडीचं तिकीट एकीकडे बरंच स्वस्त निघतं. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. आणि शुक्रवार संध्याकाळ असेल तर सीटचं आरक्षण वेगळं करा. तिकीट म्हणजे जागा, हे इथे गृहीत धरता येत नाही.

लहान खोऱ्यातलं गाव, आजी-आजोबा, दुमडती बाबागाडी आणि स्वयंपाकाचं सामान असेल तर गाडीच सोयीची.

४. विन्येट, टोल आणि गाडीत काय हवं

ऑस्ट्रियाच्या ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, चालायला विन्येट लागते, म्हणजे ठरावीक मुदतीचा रस्ताकर. एक दिवस, दहा दिवस, दोन महिने आणि एक वर्ष अशा मुदती आहेत. २०२५ मध्ये मोटारगाडीची दहा दिवसांची १२.४० युरोंना होती, दर वर्षी थोडी वाढते. स्टिकरच्या भानगडीत न पडता डिजिटल घ्या, ती गाडीच्या नंबराला जोडलेली असते. विन्येट नसताना पकडले गेलात तर जागच्या जागी शंभर युरोंहून जास्त भरावे लागतात. कॅमेरेही आहेत, त्यामुळे पोलीस दिसले नाहीत म्हणजे सुटलो असं नाही.

घेताना तीन गोष्टी सांभाळा. खरेदी फक्त आस्फिनागच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ऑटोबान कंपनीच्या, अधिकृत दुकानातून करा. शोधयंत्रावर वर दिसणारी बरीच संकेतस्थळं मधली असतात आणि वर स्वतःचे पैसे लावतात. नंबर टाकताना देश म्हणून जर्मनी निवडला आहे ना, शून्य आणि ओ यांत घोळ झालेला नाही ना, हे नोंदणीपत्र समोर ठेवून तपासा. चुकीच्या नंबराची विन्येट म्हणजे विन्येट नसल्यासारखंच. आणि पैसे भरण्याआधी ती कोणत्या तारखेपासून लागू होणार आहे ते वाचा.

काही तुकडे विन्येटविना चालतात: वाल्सरबेर्गच्या सीमेपासून साल्झबर्ग नॉर्डपर्यंत, आणि कुफश्टाइनच्या सीमेपासून कुफश्टाइन-स्यूडपर्यंत. फक्त साल्झबर्ग शहर बघून परतणार असाल तर विन्येट लागणारच नाही. उलट काही रस्ते असे आहेत जिथे विन्येट चालत नाही आणि वेगळा टोल द्यावा लागतो: इटलीकडे नेणारा ब्रेनर, दक्षिणेचा टाउअर्न, पश्चिमेचा आर्लबेर्ग. ब्रेनरवरच्या लूएग पुलाची दुरवस्था झाल्यामुळे २०२५ पासून तिथे एरवी प्रत्येक दिशेला एकच लेन चालू असते. इटलीला जाणारे शनिवारी सकाळी तिथे अडकतात. शक्य असेल तर मंगळवारी-बुधवारी जा.

इन्सब्रुक ज्या राज्यात आहे त्या टिरोलमध्ये आणखी एक नियम नवख्यांना माहीत नसतो. सुट्ट्यांच्या मोसमात शनिवार-रविवारी ऑटोबान तुंबला तरी तिथून उतरून गावांतून वळसा घालायला ठिकठिकाणी बंदी असते. फोनमधला नकाशा "दहा मिनिटं वाचतील" म्हणतो, तुम्ही उतरता, आणि फाट्यावर उभे असलेले पोलीस परत ऑटोबानवर पाठवतात. त्या गावांतल्या लोकांना घराबाहेर पडणं मुश्किल झालं होतं, म्हणून हा नियम आला. तो पाळा.

वेग ऑटोबानवर १३०, गावाबाहेर १००, गावात ५०. मात्र इन नदीच्या खोऱ्यात हवेच्या प्रदूषणामुळे बऱ्याच ठिकाणी १०० ची मर्यादा आहे आणि ती खरोखर मोजली जाते. जर्मन ऑटोबानची सवय इथे महाग पडते. रस्ता तुंबला की रुग्णवाहिकेसाठी मधोमध वाट मोकळी ठेवायची: डावी लेन डावीकडे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. गाड्या थांबायची वाट बघू नका, वेग मंदावला की लगेच सरका.

गाडीत हवं: चकाकणारी सुरक्षा जाकिटं, माणशी एक, आणि ती डिकीत नव्हे तर हाताशी; धोक्याचा त्रिकोण; प्रथमोपचार पेटी. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑस्ट्रियात १४ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांच्या मापाची सीट लागते, जर्मनीचा नियम १५० सेंटिमीटरचा आहे. घरून निघतानाच जर्मन नियम पाळला की दोन्हीकडे प्रश्न मिटतो.

भाड्याची गाडी असेल तर परदेशी नेण्याची परवानगी करारात लिहिलेली हवी, आणि हिवाळी टायर वेगळे सांगून घ्यावे लागतात. काउंटरवर तोंडी मिळालेलं "चालेल" पुरेसं नाही.

५. आरोग्य विमा: कार्डाची मागची बाजू वाचा

जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं. त्यावर ऑस्ट्रियात तातडीचा इलाज होतो. मागच्या जागी फुल्या असतील तर ते कार्ड परदेशात चालत नाही. विमा कंपनीला कळवा, त्या तात्पुरतं प्रमाणपत्र देतात.

पण या कार्डाच्या मर्यादा आपण नीट समजून घ्यायला हव्यात. ऑस्ट्रियात दोन प्रकारचे डॉक्टर असतात. ज्यांचा सरकारी विम्याशी करार आहे तेच हे कार्ड घेतात. "वाल्आर्ट्स्ट" अशी पाटी असलेले डॉक्टर खाजगी आहेत, ते पैसे घेतात आणि त्यातला थोडाच भाग नंतर परत मिळतो. स्कीच्या गावांतले झगमगीत दवाखाने बरेचदा खाजगीच असतात. दारातून आत शिरताना विचारा: "हाबन झी आइनन कासनफरत्राग?" म्हणजे सरकारी विम्याशी करार आहे का.

याहून मोठी गोष्ट डोंगरातल्या सुटकेची. पाय मुरगळून तुम्ही २,००० मीटरवर बसलात आणि हेलिकॉप्टर आलं, तर त्याचं हजारो युरोंचं बिल हे कार्ड भरत नाही. जर्मनीला परत आणण्याचा खर्चही भरत नाही. म्हणून परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा घ्या. एका माणसाला तो वर्षाला दहा-वीस युरोंपासून मिळतो, आणि डोंगरातली सुटका त्यात आहे का हे शब्दशः वाचा. डोंगरात नेमाने जाणार असाल तर जर्मन आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्या. त्यात शोध आणि सुटकेचा खर्च २५,००० युरोंपर्यंत येतो, शिवाय क्लबच्या झोपड्यांत सवलत मिळते. हा खर्च मी कोणालाही टाळू देणार नाही.

आणि हे आपल्यासाठीच: कधी ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडमध्ये किंवा लिश्टनश्टाइनमध्ये एक दिवस जाऊन यायचा मोह होतो. जर्मनीत विमा असला तरी भारतीय नागरिकांना हे युरोपीय कार्ड सहसा त्या दोन देशांत वापरता येत नाही, कारण बिगर-युरोपीय नागरिकांना हा हक्क देणारा नियम तिथे लागू नाही. जर्मन मित्राला चालतं म्हणून आपल्याला चालेल असं धरू नका. तिथे खाजगी प्रवास विम्याशिवाय जाऊ नये.

फोनमध्ये आणि कागदावर हे क्रमांक लिहा: सगळीकडे चालणारा ११२, रुग्णवाहिका १४४, डोंगरी बचाव १४०, पोलीस १३३. आई-बाबांनाही शिकवा.

६. पैसे आणि फोन

चलन युरोच, पण कार्ड बघून घ्या. नुसतं जिरोकार्ड (जर्मन बँकेचं डेबिट कार्ड) जर्मनीबाहेर चालत नाही, त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह हवं. पूर्वी त्यावरच्या मेस्ट्रो या सोयीमुळे परदेशात काम भागायचं, जुलै २०२३ पासून नवीन कार्डांवर मेस्ट्रो येत नाही. डोंगरातल्या झोपड्या, लहान पेन्शन (घरगुती अतिथीगृहं) आणि पार्किंगची यंत्रं अजून रोख मागतात, माणशी पन्नासएक युरो सुटे ठेवा.

फोनला ऑस्ट्रियात जादा पैसे पडत नाहीत. बोडनझे तळ्याच्या काठाने जात असाल तर मात्र डेटा रोमिंग बंद करा, फोन आपणहून स्विस नेटवर्क पकडतो आणि ते युरोपीय संघाच्या नियमात येत नाही. वीजेचे सॉकेट ऑस्ट्रियात जर्मनीसारखेच आहेत.

७. राहणं आणि जेवण

शाकाहारी कुटुंबाला, किंवा मुलांना रोज वरण-भात लागत असेल तर, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, ज्याला इथे फेरिएनवोनुंग म्हणतात. बुकिंग करताना शेगडी कोणती ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, स्टीलचा न्या. फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा, धुराचे अलार्म फार हळवे असतात.

किंमत बघताना गावाचा पर्यटन कर वेगळा असतो हे लक्षात ठेवा. तो दर माणशी, दर रात्री, बहुधा तिथेच भरायचा. घरमालक पासपोर्ट बघून नोंदणीचा फॉर्म भरून घेतील, ते कायद्याने त्यांना करावंच लागतं. त्या बदल्यात मिळणारं पाहुणा कार्ड नीट बघा. कित्येक गावांत त्यावर बस आणि कधी केबल कारही फुकट असते, आणि साल्झबर्ग राज्यात मे २०२५ पासून पाहुण्यांना सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. मालकाने दिलं नाही तर मागा.

शनिवारी दुपारी पोहोचणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगाची सूचना: आधी किराणा, मग सामान खोलीत. सुपरमार्केट शनिवारी संध्याकाळी ६ च्या आत बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. सण जर्मनीपेक्षा वेगळे आहेत, २६ ऑक्टोबरला राष्ट्रीय दिन म्हणून सगळं बंद असतं. अडलंच तर साल्झबर्ग आणि इन्सब्रुकच्या मुख्य स्थानकांतली किराणा दुकानं रविवारी उघडी असतात. पोहे, रवा, मेतकूट, भाजलेलं बेसन आणि चहाचा मसाला घरूनच न्या. तांदूळ आणि भाज्या तिथे मिळतील.

बाहेर खाताना शाकाहाऱ्यांनी सूप सांभाळावं. फ्रिताटन सूप बघायला साधं वाटतं, पातळ धिरड्याच्या पट्ट्या आणि वर चिव्ह. पण रस्सा गोमांसाचा असतो. चीजचे कासप्रेसक्नोडल (चपटे तळलेले गोळे) शाकाहारी असतात, पण बहुधा त्याच रश्श्यात येतात. ते कोबीच्या सॅलडबरोबर मागा, आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे टाकू नका म्हणून सांगा, टिरोलमध्ये ते न विचारता टाकतात. "ओने फ्लाइश, ओने श्पेक, काइने रिंडसूपे" (मांस नको, डुकराचे तुकडे नको, गोमांसाचा रस्सा नको) एवढं वाक्य पाठ करा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे केझश्पेत्सले (चीज घातलेल्या पिठाच्या शेवया), पालकाचे क्नोडल (गोळे) आणि आप्फेलश्ट्रूडेल (सफरचंदाची गोड गुंडाळी). अंडं चालत नसेल तर कायझरश्मार्न (जाड गोड धिरड्याचे तुकडे) टाळा, त्यात अंडीच मुख्य असतात. पिठाच्या इतर पदार्थांतही अंडं असू शकतं, तेही विचारून घ्या.

८. डोंगरात पाऊल ठेवण्यापूर्वी

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना दमाची अडचण येत नाही, अंदाजाची येते. पाटीवर निळा ठिपका म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. लाल वाट अरुंद आणि बरीच उभी असू शकते, लहान मुलं असतील तर निळीच घ्या. पाटीवरचे तास न थांबता चालणाऱ्याचे असतात, मुलांबरोबर दुप्पट धरा.

उन्हाळ्यात दुपारनंतर वीजांसह पाऊस येतो. सकाळी लवकर चढा आणि दोनपर्यंत उतरणीला लागा. वर जाताना केबल कारच्या खालच्या स्थानकावर शेवटच्या उतारफेरीची वेळ बघून तिचा फोटो काढा. ती बरेचदा साडेचार-पाचलाच असते, आणि चुकली तर अंधार पडण्याआधी पायी उतरावं लागतं. खाली ऊन असलं तरी वर जाकीट लागतं, जुलैतसुद्धा. बूट घोट्यापर्यंतचे, तळव्याला खाचा असलेले हवेत.

कुरणांतल्या गाईंपाशी मुलांना फोटोसाठी उभं करू नका. वासरू जवळ असेल तर गाय धावून येते, आणि त्यात माणसं दगावली आहेत. लांबून, शांतपणे पुढे जा.

९. परतीचा रस्ता आणि नंतर येणारी पत्रं

रविवारी दुपारी वाल्सरबेर्ग आणि कुफश्टाइनजवळच्या कीफर्सफेल्डनला तपासणीमुळे रांग लागते. सकाळी दहाच्या आत सीमा ओलांडा किंवा रात्रीचं जेवण ऑस्ट्रियात उरकून निघा. सीमेच्या आधीच्या थांब्यावरच सगळे पासपोर्ट आणि कार्डं पुढच्या सीटवर घ्या, रांगेत डिकी उघडायला उतरता येत नाही.

घरी पोहोचल्यावर काही आठवड्यांनी ऑस्ट्रियातून जर्मन भाषेत पत्र आलं तर ते जाहिरातीच्या ढिगात टाकू नका. वेगमर्यादा मोडल्याचा कॅमेऱ्याने पकडलेला दंड आनोनिमफरफ्यूगुंग या नावाने येतो. तो चार आठवड्यांत, लिहिला आहे तेवढाच आकडा आणि पत्रातला संदर्भ क्रमांक अचूक टाकून भरला की प्रकरण संपतं, आणि चालक कोण होता हेही विचारलं जात नाही. कमी रक्कम भरली किंवा क्रमांक चुकला तर भरणा धरला जात नाही, आणि पुढची नोटीस जास्त रकमेची येते. पंचवीस युरोंपासूनचा ऑस्ट्रियन दंड जर्मनीतही वसूल करता येतो. पत्रावरचं नाव आणि पत्ता खरोखर सरकारी कार्यालयाचा आहे ना हे पडताळा, त्याच दिवशी पैसे भरा आणि बँकेची पावती जपून ठेवा.